सुट्टीतील सहा आठवडे

परभणीहून जिंतूरकडे जाताना वाटेत झरी हे गाव लागते. नेमगिरीच्या दर्शनाला निघालेल्या अनेक कुटुंबांनी ते गाडीच्या काचेतून पाहिले असेल. मे महिन्याच्या दुपारी या रस्त्यावर माणूस क्वचितच दिसतो. पारा पंचेचाळिसाच्या आसपास रेंगाळत असतो, काळी जमीन नांगरून पडलेली असते आणि उपटलेल्या पऱ्हाट्या बांधावर रचलेल्या असतात. महाराष्ट्रदिनी निकाल वाटून झाले की शाळेला कुलूप लागते. ते उघडते जूनच्या मध्यावर. मधल्या सहा आठवड्यांत मूल काय शिकते, काय विसरते, याची नोंद कोणत्याही हजेरीपत्रकात होत नाही.

या सहा आठवड्यांसाठी एक तरुण डोळ्यांपुढे आणावा. परभणीच्या महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा त्याने नुकतीच दिली आहे. वडिलांचे मोंढ्यात बी-बियाणे व खतांचे दुकान आहे. सुट्टी लागली की मुलाने गादीवर बसावे, उधारीच्या वह्या पाहाव्यात, मालाची आवक उतरवून घ्यावी, ही घरची रीत. या वर्षी मात्र त्याने झरीसारख्या गावात पाचवीपर्यंतच्या मुलांना सहा आठवडे रोज दोन तास शिकवण्याचे ठरवले आहे. हा तरुण काल्पनिक आहे. परंतु त्याच्यासारखी मुले-मुली व्यापारी घराघरांत आहेत आणि त्यांच्या आईवडिलांपुढे पडणारा प्रश्न अगदी खरा आहे. ऐन हंगामाच्या तोंडावर मुलाला सोडावे का, आणि सोडले तर त्यातून नेमके काय साधते?

पहिल्या दिवशी त्याच्या हाती एकच कागद असतो. त्यावर काही सुटी अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची लहानशी गोष्ट, एवढेच छापलेले. 2005 सालापासून देशभर जे ‘असर’ सर्वेक्षण होत आले आहे, त्यातील वाचनाची चाचणी याच धाटणीची आहे. एकेका मुलाला शेजारी बसवून वाचायला सांगायचे. पाचवीतील एखादा मुलगा आपले पाठ्यपुस्तक उघडून धडा घडाघडा म्हणून दाखवतो. पण त्याचे बोट भलत्याच ओळीवर फिरत असते. धडा त्याला पाठ आहे, वाचता येत नाही. हा कागद समोर ठेवला की तो अक्षरांपाशी अडतो. चार वर्षे शाळेत जाऊनही हे कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण वर्गात सगळे मिळून मोठ्याने वाचत होते आणि त्या आवाजात त्याचाही आवाज मिसळत होता.

हे चित्र एकट्या मुलाचे नाही. 2024 च्या ‘असर’ अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या शंभर मुलांपैकी सुमारे 23 मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. 2022 मध्ये हे प्रमाण सुमारे 16 होते. म्हणजे सुधारणा होत आहे. तरीही पाचवीतील जवळजवळ निम्म्याहून अधिक मुले तीच दुसरीची गोष्ट वाचू शकत नव्हती. ज्याला वाचता येत नाही, त्याला सहावीचा इतिहास, सातवीचे विज्ञान, आठवीची शाब्दिक उदाहरणे हे सर्वच बंद दार होऊन बसते. वर्ग दरवर्षी पुढे जातो, मूल मात्र जागच्या जागी राहते. मुद्दल न फिटता व्याज साचत जावे, तसा हा प्रकार आहे.

मराठवाड्यात या दुखण्याला आणखी एक कारण आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. परभणी जिल्ह्यातूनही कुटुंबे जातात. मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, कारखान्यांच्या परिसरात साखरशाळाही चालवल्या गेल्या. तरी धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी, कोप्यावर राखण ठेवण्यासाठी अनेक मुले आईबापांबरोबर जातातच. कारखान्याचा पट्टा पडून ती गावी परततात तेव्हा शाळेचे वर्ष संपत आलेले असते. मूल घरी आले आणि शाळा बंद झाली, अशी ही चुकामूक दरवर्षी होते. शाळेच्या दहा महिन्यांत जे मूल गावात सापडत नाही, ते मे महिन्यात गावात असते. उन्हाळी वर्गाचे मोल येथे सर्वाधिक आहे. ज्याचे वर्ष बुडाले, नेमके तेच मूल या दिवसांत हाताशी येते.

आता प्रश्न असा की, ज्याने अध्यापनाची पदविका घेतलेली नाही, ज्याचे स्वतःचे शिक्षणही पुरे झालेले नाही, असा विद्यार्थी शिकवणार तरी काय? या शंकेचे उत्तर मुंबईत शोधले गेले आहे. 1994 साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने महापालिकेच्या शाळांतील मागे पडलेल्या मुलांसाठी ‘बालसखी’ उपक्रम सुरू केला. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतील, साधारण दहावीपर्यंत शिकलेली तरुणी. तिला सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण मिळे आणि महिना 500 ते 750 रुपये मानधन. तिसरी-चौथीतील पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन ती अक्षरओळख, वाचन, बेरीज-वजाबाकी करून घेई. 2001 ते 2003 या काळात मुंबई व वडोदरा येथे या उपक्रमाची काटेकोर पाहणी झाली. त्या पाहणीतील अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांना पुढे 2019 मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाहणीचा निष्कर्ष स्पष्ट होता. ज्या शाळांत बालसखी होती तेथील मुलांचे गुण वाढले. दुसऱ्या वर्षातील लाभ पहिल्या वर्षाच्या सुमारे दुप्पट होता आणि सर्वांत मागे असलेल्या मुलांना तो अधिक झाला. त्याच पाहणीने दुसरी बाजूही लपवली नाही. उपक्रम सुटल्यावर वर्षभरात या लाभाचा बराच भाग ओसरला होता.

दुसरा दाखला बिहारचा. 2008 च्या जून महिन्यात तेथील सरकारी शिक्षकांनी महिनाभर उन्हाळी शिबिरे घेतली. मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न करता वाचनाच्या पातळीप्रमाणे केले. मुलांची प्रगती झाली. मात्र तीच पद्धत शाळेच्या वर्षभरात राबवण्यासाठी शिक्षकांना केवळ प्रशिक्षण व साहित्य दिले, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. शिक्षक तेच, मुलेही तीच होती. परंतु शाळा सुरू झाली की अभ्यासक्रम पुरा करण्याचे ओझे मानेवर बसते आणि पाचवीच्या मुलाला पाचवीचेच पुस्तक शिकवावे लागते. सुट्टीत हे ओझे नसते. मूल जेथे उभे आहे तेथून आरंभ करण्याची मोकळीक केवळ या सहा आठवड्यांत मिळते. विद्यार्थी-शिक्षकाच्या उपयोगाचे रहस्य त्याच्या विद्वत्तेत नसून या मोकळिकीत आहे.

झरीच्या त्या कल्पित वर्गात परत यावे. सकाळचे सात वाजले आहेत; नऊनंतर ऊन बसू देत नाही. मंदिराच्या सभामंडपात किंवा शाळेच्या व्हरांड्यात तीन गट बसले आहेत. अक्षरांवर अडलेले, शब्दांवर अडलेले आणि उतारा वाचू शकणारे. तिसरीची मुलगी आणि पाचवीचा मुलगा एकाच गटात आहेत. आधी शिक्षक गोष्ट मोठ्याने वाचतो, मुले ओळीवर बोट ठेवून मागोमाग वाचतात, मग त्या गोष्टीतील शब्दांचे खेळ होतात आणि शेवटी प्रत्येकजण मनातले चार शब्द पाटीवर लिहितो. चूक झाली तरी पाटी पुसून टाकली जात नाही. गणितासाठी काड्या आहेत. दहा काड्यांचा गठ्ठा म्हणजे एक दशक.

येथेच त्या वाणिज्याच्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा होते. 42 वजा 17 हे उदाहरण तो घालतो. एक मुलगा उत्तर लिहितो, 35. पहिल्या आठवड्यात तरुण उत्तर खोडतो आणि हातचा कसा घ्यायचा ते पुन्हा सांगतो. मुलगा मान डोलावतो आणि पुढच्या उदाहरणात तीच चूक करतो. दुसऱ्या आठवड्यात तरुणाला विचारावेसे वाटते, ‘हे उत्तर कसे काढलेस?’ मुलगा सरळ सांगतो की चारातून एक गेला तीन उरले, सातातून दोन गेले पाच उरले. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, हा त्याचा नियम आहे आणि त्याने तो निष्ठेने पाळला आहे. मग काड्या पुढे येतात. चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. सात सुट्या काड्या मागितल्या. हाती दोनच आहेत. मुलगा क्षणभर थांबतो आणि आपण होऊन एक गठ्ठा सोडतो. हातचा म्हणजे काय ते त्याला कळले आणि चूक कशी वाचावी ते शिकवणाऱ्याला कळले. उद्या दुकानात एखाद्या गुमास्त्याच्या बेरजेत फरक आला, तर त्याच्यावर डाफरण्यापूर्वी ‘हे कसे मांडलेस?’ असे विचारण्याची सवय या वर्गात लागलेली असेल. आपल्याला जे सहज येते ते दुसऱ्याला सहज का येत नाही, हे समजणे हा धंद्यातलाही मोठा गुण आहे. तो कोणत्याही पदवीच्या पुस्तकातून मिळत नाही.

थोरल्याने धाकट्याला शिकवावे ही रीत आपल्याकडे नवी नाही. मद्रासच्या लष्करी अनाथालयाची व्यवस्था 1789 पासून पाहणारे अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेत मुले वाळूवर अक्षरे गिरवताना पाहिली, ती पद्धत उचलली आणि मोठ्या मुलांकरवी लहानांना शिकवण्यास आरंभ केला. 1797 मध्ये लंडनमध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि पुढे इंग्लंडमधील असंख्य शाळा या पद्धतीवर चालल्या. अलीकडच्या काळात, 1978 साली, अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे असाच एक उन्हाळी उपक्रम सुरू झाला. शाळा-महाविद्यालयांतील मोठे विद्यार्थी सुट्टीत खालच्या वर्गांतील, साधने तोकडी असलेल्या मुलांना शिकवतात. पुढे तो अनेक शहरांत पसरला. महाराष्ट्राला तर याहून जवळचे उदाहरण आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांना मॅट्रिकचा टप्पा ओलांडता आला नव्हता. साताऱ्यात शिकवण्या घेऊन ते उपजीविका करीत आणि लोक त्यांना ‘पाटील मास्तर’ म्हणत. 1919 मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणारा माणूस आधी दुसऱ्यांच्या मुलांना घरोघरी शिकवत होता. गावोगावच्या पाठशाळांतही थोरली मुले धाकट्यांकडून पाठ करून घेतातच.

तरीही या कामातील अडचणी झाकून ठेवणे योग्य होणार नाही. पहिली अडचण मुले येण्याची. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात प्रशिक्षित स्वयंसेवकांनी वाचनवर्ग भरवले, तेव्हा त्या गावांतील अवघी 8 टक्के मुले वर्गाला आली. ज्यांना मुळीच वाचता येत नव्हते त्यांच्यातलीही सुमारे 13 टक्केच आली. जी आली त्यांची प्रगती चांगली झाली; परंतु ज्यांना सर्वाधिक गरज होती ती बहुतेक घरीच राहिली. म्हणून उन्हाळी शिक्षकाचे काम सकाळी सात वाजता सुरू होत नाही. ते आदल्या संध्याकाळी सुरू होते. लग्नसराई असते, कोणाला शेळ्या राखायच्या असतात, कोणाला पाण्याच्या टँकरपाशी घागरी घेऊन उभे राहायचे असते. दारात जाऊन आईशी बोलावे लागते, आणि एकदा बोलून भागत नाही. दुकानदाराच्या मुलाला हे समजायला हरकत नसावी. गिऱ्हाईक का आले नाही, हे गादीवर बसून कळत नाही.

दुसरी अडचण चिकाटीची. पहिल्या आठवड्यात उत्साह असतो, तिसऱ्या आठवड्यात ऊन आणि कंटाळा दोन्ही चढतात. अर्ध्यात सोडलेला वर्ग हा न भरलेल्या वर्गापेक्षा वाईट असतो, कारण ‘आपल्याला शिकवणारा टिकत नाही’ हा धडा मुले त्यातून शिकतात. रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस, सहा आठवडे म्हणजे 72 तास होतात. तेवढे देता येत असतील तरच आरंभ करावा.

तिसरी गोष्ट मर्यादेची. हा तरुण शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही आणि तसा समज कोणी करून घेऊ नये. बेल यांची पद्धत पुढे मागे पडली, त्यामागे हेही एक कारण होते की, स्वस्तातला शिक्षक म्हणून मुलांचा वापर होऊ लागला होता. गावातील रिकामी पदे भरण्याची जबाबदारी सरकारची आहे. सुट्टीतील वर्ग त्या जबाबदारीवर पांघरूण घालण्यासाठी नाही. म्हणूनच आधी मुख्याध्यापकांची व ग्रामपंचायतीची संमती घ्यावी, आईवडिलांना विचारावे, दोघे-तिघे मिळून जावे, मुलगी जाणार असेल तर येण्याजाण्याची व बसण्याची व्यवस्था आधी पाहून घ्यावी. मुलांना वह्या वाटतानाची छायाचित्रे काढून ती सर्वत्र पाठवण्याचा मोह आवरावा. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही मान असतो.

आणि हिशेब ठेवावा. पहिल्या दिवशी कोण कोठे होते, शेवटच्या दिवशी त्याच कागदावर कोठे पोहोचले, हे प्रत्येक मुलाच्या नावापुढे लिहावे. ज्यांची प्रगती झाली नाही त्यांचीही नोंद तितक्याच स्वच्छ अक्षरात असावी. शाळा उघडली की ती वही वर्गशिक्षकांच्या हाती द्यावी. बालसखीचा लाभ ओसरला तसा हा लाभ ओसरू नये म्हणून एवढे तरी करता येते. हातची शिल्लक पुढच्या पानावर ओढली नाही तर मागची सारी जमा व्यर्थ जाते, हे व्यापारी घरात वेगळे सांगावे लागत नाही.

महाविद्यालयांतही आता अशा कामाला जागा मिळू लागली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्प, समाजसहभाग आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना श्रेयांक आहेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत परभणीची महाविद्यालये येतात. तेथील विद्यार्थ्याने आधीच आपल्या प्राध्यापकांशी बोलून घेतले तर हे 72 तास त्याच्या पदवीच्या खात्यातही धरले जाऊ शकतात. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांना तर बी.एड.च्या दोन वर्षांत एकूण वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता करावीच लागते. आपल्याला हा पेशा मानवेल की नाही, हे त्याआधीच एका उन्हाळ्यात कळून येते.

उरला वडिलांचा प्रश्न. मेच्या अखेरीस बियाण्यांची गाडी येते. मृग नक्षत्राच्या सुमारास शेतकऱ्यांची रीघ लागते. नेमक्या त्याच दिवसांत मुलाचा वर्ग शेवटच्या टप्प्यात असतो. वडिलांची तक्रार खोटी नाही. ऐन गर्दीत एक विश्वासाचा माणूस कमी होणे म्हणजे नुकसानच. पण हिशेब मांडून पाहावा. वर्ग नऊला सुटतो. झरीहून परभणीचे अंतर पार करून मुलगा दहा-साडेदहापर्यंत दुकानात येऊ शकतो. वडिलांना द्यावी लागते ती त्याची सकाळ. आपल्या दुकानात बियाणे घ्यायला येणाऱ्या शेतकऱ्याला पिशवीवरची मुदत, खताचे प्रमाण, औषधावरचा धोक्याचा इशारा वाचता येत नसेल, तर तो कोणावर तरी विसंबून खरेदी करतो, आणि नुकसान झाले की दोष दुकानदाराच्या माथी येतो. वाचता येणारे गिऱ्हाईक हे कोणत्याही प्रामाणिक दुकानाचे भांडवल आहे. झरीच्या व्हरांड्यात बसलेली मुले आणखी दहा-पंधरा वर्षांनी याच मोंढ्यात येणार आहेत.

ज्ञानदान हा शब्द या मासिकाच्या वाचकांच्या घरात नित्य उच्चारला जातो. पावती घेऊन केलेले दान मोलाचे आहेच. परंतु घरातील तरुण मुलाची वा मुलीची सहा आठवड्यांची सकाळ देणे हेही दान आहे आणि त्यात देणारा घेणाऱ्याइतकाच श्रीमंत होऊन परततो. ज्या घरांना शक्य आहे, त्यांनी येत्या उन्हाळ्याचा विचार आतापासून करावा. परीक्षेची तारीख, दुकानाची गर्दी, गावाची निवड, सोबतीला कोण, हे सर्व एका कागदावर मांडावे.

जूनच्या मध्यावर शाळेचे कुलूप निघते. नव्या पुस्तकांचा वास वर्गात दरवळतो. ऊसतोडीहून परतलेला तो मुलगा सहावीचे पुस्तक उघडतो आणि पहिल्या धड्याची पहिली ओळ हळूहळू, अडखळत वाचतो. त्याचा आवाज इतरांपेक्षा मागे पडतो, पण बोट ओळीवरून हलत नाही.